बालगुन्हेगारांच्या सुधारसंस्थांतील सेवकवर्ग : पदनामे, पात्रता आणि भाषा

नामपूर हे बागलाण तालुक्यातील, मोसम नदीच्या खोऱ्यातील बाजारपेठेचे गाव होय. तालुक्याचे ठाणे सटाणा. जिल्ह्याचे ठाणे नाशिक तेथून सुमारे शंभर किलोमीटर दूर. या गावातील अठरा वर्षांखालील एखाद्या मुलावर चोरीचा आरोप आला तर त्याच्या प्रकरणाचा विचार नाशिकच्या बाल न्याय मंडळापुढे व्हावयाचा. आणि चौकशी संपेपर्यंत त्याला घराबाहेर ठेवणे मंडळास आवश्यक वाटले तर नाशिकमध्येच उंटवाडीचे निरीक्षणगृह आहे. मंडळापुढे पोलिसांच्या कागदपत्रांखेरीज आणखी एक कागद यावा लागतो. तो म्हणजे मुलाच्या घरादाराची, शाळेची, सोबत्यांची आणि स्वभावाची माहिती देणारा सामाजिक तपासणी अहवाल. मुलगा नामपुरास परत जाणार की काही काळ विशेष गृहात राहणार, याचा निर्णय बऱ्याच अंशी या अहवालावर अवलंबून असतो. तो लिहिणारी व्यक्ती कोण, तिने कोणते शिक्षण घेतलेले असावे आणि तिचे काम नेमके कोणते, या प्रश्नांची कायद्याने दिलेली उत्तरे गेल्या पावणेदोनशे वर्षांत अनेकदा बदलली आहेत. त्या बदलांचा मागोवा पदनामांच्या आधारे घेता येतो. संस्थेचे नाव बदलणे सोपे असते. तेथील माणसाचे नाव बदलते तेव्हा त्याच्याकडून काय अपेक्षिले जात होते आणि काय अपेक्षिले जाऊ लागले, हे उघड होते.

प्रारंभी असे स्वतंत्र पदच नव्हते. १८५० च्या उमेदवारीविषयक अधिनियमाने दहा ते अठरा वर्षे वयाच्या अनाथ व निर्धन मुलांना, त्याचप्रमाणे किरकोळ गुन्हा केलेल्या मुलांना, एखाद्या कारागिराच्या हाताखाली करारबद्ध करण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यास दिला. मुलाला सुधारणारा तो कारागीरच: सुतार, लोहार किंवा शिंपी. त्याची पात्रता म्हणजे त्याचा धंदा. तो मुलाला कसे वागवील याविषयी करारात अटी असत; परंतु मुलाचे मन ओळखण्याची त्याची योग्यता आहे किंवा नाही, हा प्रश्न त्या काळी कोणास पडण्याचे कारण नव्हते. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या औदार्याने सुधारशाळा व उद्योगशाळा उभी राहिली. तिच्या नावातील उद्योग हा शब्दही याच विचाराची साक्ष देतो. हाताला काम लागले की मन ताळ्यावर येते, अशी ती श्रद्धा होती. आणि ती सर्वस्वी खोटी होती असे म्हणण्याचे धाडस आजही कोणी करू नये.

सुधारशाळांविषयीचा पहिला अधिनियम १८७६ चा. त्याची जागा १८९७ च्या अधिनियमाने घेतली. या दुसऱ्या अधिनियमातील तपशील बोलका आहे. पंधरा वर्षांखालील दोषी मुलास तुरुंगाऐवजी तीन ते सात वर्षे सुधारशाळेत ठेवता येत असे. मुलींचा त्यात समावेशच नव्हता. शाळेच्या कारभारासाठी सरकारने एकतर अधीक्षक व अभ्यागतांची समिती नेमावी, नाहीतर व्यवस्थापक मंडळ नेमावे, आणि अशा समितीत किंवा मंडळात किमान पाच सभासद असून त्यांतील निदान दोघे हिंदी असावेत, अशी तरतूद होती. सभासद किती व कोणत्या वंशाचे हे कायद्याने सांगितले. अधीक्षकाने काय शिकलेले असावे याविषयी मात्र तो मौन बाळगतो. अधीक्षक हा शब्द वर बसून पाहणारा असा अर्थ देतो. इंग्रजी पदनामाचा अर्थही तोच. तुरुंग, इस्पितळ, टपालखाते, सर्वत्र तेच पद होते. ज्या अर्थी मुलांच्या संस्थेसाठी निराळे नाव शोधण्याची गरज भासली नाही, त्या अर्थी निराळ्या माणसाची गरजही भासली नव्हती. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुधारशाळा तुरुंगखात्याकडून शिक्षणखात्याकडे वर्ग होऊ लागल्या, तेव्हा पहिला खरा बदल घडला. अधीक्षकाच्या जागी तुरुंगाधिकाऱ्याऐवजी शिक्षक येण्याची वाट मोकळी झाली.

या ठिकाणी युरोपातील दोन संस्थांची आठवण करणे आवश्यक आहे. कारण आजच्या आपल्या नियमांत असलेले गृहपिता हे पद ज्या कल्पनेतून आले ती तेथे रुजली. हॅम्बुर्गजवळ १८३३ मध्ये योहान विखर्न यांनी राउहेस हाउस ही संस्था काढली आणि मुलांना लहान लहान कुटुंबांत वाटून प्रत्येक कुटुंबावर एक तरुण नेमला. फ्रान्समध्ये मेत्रे येथे १८३९ मध्ये फ्रेदेरिक-ऑग्युस्त देमेट्झ यांनी हीच पद्धत शेतीच्या वसाहतीत आणली. देमेट्झ हे व्यवसायाने न्यायाधीश. मुले येण्यापूर्वी काही महिने त्यांनी आपल्या कुटुंबप्रमुखांसाठी व उपप्रमुखांसाठी एक शाळा उघडली आणि तीत तरुण तयार केले. मुलांची पहिली तुकडी त्यानंतर, १८४० च्या आरंभी आली. आधी माणसे तयार करावयाची आणि मग मुले स्वीकारावयाची, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. मेत्रेची शिस्त कठोर होती आणि पुढील काळात तिच्यावर कडक टीका झाली, हे खरे. परंतु सेवकवर्गाच्या शिक्षणाचा विचार इमारतीच्या विचाराबरोबर करणारी अशी उदाहरणे त्या शतकात फारशी नाहीत. आपल्याकडे मेत्रेची कीर्ती पोचली, कुटुंबपद्धतीची स्तुतीही झाली. तो क्रम मात्र आला नाही. प्रथम इमारत, मग मुले, मग अधीक्षक आणि सर्वांत शेवटी त्याच्या हाताखालच्या माणसांचा विचार, असाच आपला क्रम राहिला.

सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांसाठी स्वतंत्र न्यायालये असावीत, तसेच खटला चालू असताना त्यांना प्रौढ कैद्यांत न ठेवता निराळ्या गृहात ठेवावे, अशी शिफारस केली. तिच्या पाठोपाठ १९२० मध्ये मद्रासेत, १९२२ मध्ये बंगालमध्ये आणि १९२४ मध्ये मुंबई इलाख्यात मुलांचे अधिनियम झाले. मुंबईचा अधिनियम सर्व इलाख्यात एकदम अमलात आला नाही. मुंबई शहरात आधी आणि जिल्ह्यांत हळूहळू, असा त्याचा प्रवास झाला. १९२७ मध्ये मुंबईत बालन्यायालय सुरू झाले आणि त्याच वर्षी चिल्ड्रेन्स एड सोसायटीची स्थापना झाली. उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाच्या वास्तूत तिचे रिमांड होम आले, आणि डोंगरीचे रिमांड होम या नावाने ते मुंबईकरांच्या बोलण्यात रूढ झाले. रिमांड होम हा जोडशब्द मराठीने जसाच्या तसा उचलला. इतका की कायद्याने पुढे निरीक्षणगृह हे नाव दिले तरी खेड्यापाड्यांतील माणूस आजही मुलाला रिमांडला टाकले असेच म्हणतो. टाकणे हे क्रियापद येथे महत्त्वाचे आहे. शाळेत मुलाला घालतात. विहिरीत, तुरुंगात आणि रिमांडात टाकतात.

याच टप्प्यावर एक सर्वस्वी नवे पद आले: प्रोबेशन ऑफिसर. या पदाचा उगम न्यायालयात नसून एका मोच्याच्या दुकानात आहे. अमेरिकेतील बॉस्टन शहरातील जॉन ऑगस्टस या चर्मकाराने १८४१ मध्ये एका मद्यप्याला जामीन राहून न्यायालयातून सोडवून नेले आणि काही आठवड्यांनी सुधारलेल्या स्थितीत परत आणले. पुढे अशी शेकडो माणसे, त्यांत अनेक मुले, त्याने आपल्या हवाली घेतली. त्याच्यापाशी पदवी नव्हती, पद नव्हते, वेतनही नव्हते. १८७८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने त्याच्या कार्यास वेतनी पदाचे रूप दिले, आणि १९०७ च्या इंग्लिश अधिनियमाने या अधिकाऱ्याचे कर्तव्य सांगताना सल्ला देणे व साहाय्य करणे यांच्या जोडीला मैत्री करणे हेही क्रियापद घातले. सरकारी कायद्यात मैत्री हे कर्तव्य म्हणून लिहिले जाणे ही विलक्षण गोष्ट होय. अधीक्षक वरून पाहतो. हा नवा माणूस शेजारी बसतो. पदाच्या कल्पनेतील हा फरक मुंबईच्या १९२४ च्या अधिनियमाबरोबर आपल्याकडे आला, परंतु त्याच्या मराठी नावात तो उतरला नाही.

मराठीत या पदास परिवीक्षा अधिकारी असे नाव मिळाले. परि, वि आणि ईक्ष् यांपासून बनलेला हा शब्द चोहोबाजूंनी निरखून पाहणे असा अर्थ देतो. व्युत्पत्तीप्रमाणे त्यातील वी दीर्घ हवा. सरकारी फलकांवर मात्र परिविक्षा असे ऱ्हस्व रूप इतके रूढ आहे की ते आता चूक म्हणून दाखविण्यात अर्थ उरलेला नाही. अडचण वेगळीच आहे. सरकारी नोकरीत नव्याने लागलेल्या माणसाचा कसोटीचा काळ तोही परिवीक्षेचाच. त्यामुळे परिवीक्षाधीन अधिकारी म्हणजे जो स्वतः कसोटीस लागला आहे तो, आणि परिवीक्षा अधिकारी म्हणजे जो दुसऱ्यास कसोटीस लावतो तो, असा घोटाळा नवख्या वाचकाच्या मनात उडतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पारख करणे, सिद्ध करणे असा आहे, म्हणून भाषांतर चुकले असे म्हणता येत नाही. पण पारख करणारा आणि मैत्री करणारा या दोहोंपैकी पहिलाच मराठी नावात आला. या नावाच्या शेजारी अनुरक्षण हा दुसरा शब्द आहे. संस्थेतून सुटल्यानंतर मुलाची जी काळजी घ्यावयाची ती अनुरक्षण. जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटना या नावाच्या संस्था महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत झाल्या आणि निरीक्षणगृहे त्यांनी चालविली. नाशिकचे उंटवाडीचे गृहही याच व्यवस्थेतील. पाठीमागून राखणे असा सुरेख अर्थ असलेला हा शब्द सामान्य माणसाच्या ओठी कधीच बसला नाही. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले व १९६२ मध्ये पदनामकोश निघाला. त्यायोगे राज्यातील पदांना मराठी नावे मिळाली, ही मोठी सोय झाली. तथापि अधिकाऱ्याच्या फलकावरील नाव आणि ज्याच्यासाठी तो अधिकारी आहे त्या मुलाच्या आईच्या तोंडचे नाव यांत अंतर राहून गेले. ती साहेब म्हणते.

पद निर्माण झाले. त्या पदासाठी माणसे कोठे तयार करावयाची? याचे पहिले उत्तर मुंबईतच मिळाले. नागपाडा नेबरहुड हाउस ही संस्था चालविणारे क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या संचालकत्वाखाली १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा पदव्युत्तर समाजकार्य विद्यालय सुरू झाले. भारतातील समाजकार्याच्या व्यावसायिक शिक्षणाचा हा आरंभ होय. पुढच्याच वर्षी या विद्यालयाने मुलांसाठी मार्गदर्शन चिकित्सालय काढले. तोवर दयाळूपणा, चारित्र्य आणि समाजातील प्रतिष्ठा एवढीच सुधारकार्याची पात्रता समजली जाई. येथून पुढे प्रकरणाचा इतिहास लिहिणे, मुलाशी मुलाखत घेणे, कुटुंबाची पाहणी करणे ही शिकण्याची व शिकविण्याची विद्या ठरली. १९३८ मध्ये मुंबई इलाख्याचा परिवीक्षा अधिनियम झाला, तेव्हा हे शिक्षण घेतलेले पहिले पदवीधर नुकतेच बाहेर पडले होते. १९४४ मध्ये या विद्यालयाचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था असे झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेला रतनशा यांचा पुण्यातील बालगुन्हेगारी व निराधारता यांविषयीचा प्रबंध हे याच काळाचे फळ होय. पुढे १९५५ मध्ये मुंबईत निर्मला निकेतन आणि १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था निघाली. मुंबई आणि पुणे यांपलीकडे मात्र ही विद्या पोचावयास बराच अवधी लागला. नाशिक, धुळे, जळगाव या जिल्ह्यांना प्रशिक्षित माणूस हवा असल्यास तो त्या दोन शहरांतून यावा लागे, आणि आलेला माणूस तेथे टिकेलच असे नसे.

स्वातंत्र्यानंतर कायद्यांची संख्या वाढली. १९४८ च्या मुंबई मुलांच्या अधिनियमाने १९२४ च्या अधिनियमाची जागा घेतली. संयुक्त राष्ट्रांतर्फे १९५१-५२ मध्ये भारतात आलेले अमेरिकन गुन्हाशास्त्रज्ञ वॉल्टर रेकलेस यांनी तुरुंगव्यवस्थेविषयीच्या आपल्या अहवालात दोन गोष्टींवर भर दिला: मुलांची प्रकरणे प्रौढांसाठी असलेल्या न्यायालयांकडे, तुरुंगांकडे व पोलिसांकडे असू नयेत, आणि सुधारप्रशासनासाठी खास शिक्षण घेतलेला स्वतंत्र सेवकवर्ग असावा. यांपैकी पहिली गोष्ट कायद्यात आली. दुसरीच्या बाबतीत १९५८ चा केंद्रीय परिवीक्षा अधिनियम पाहण्यासारखा आहे. त्याच्या तेराव्या कलमानुसार परिवीक्षा अधिकारी तिघांपैकी कोणी असू शकतो: राज्य सरकारने नेमलेला किंवा मान्य केलेला, मान्यताप्राप्त संस्थेने पुरविलेला, अथवा अपवादप्रसंगी न्यायालयास त्या प्रकरणापुरता योग्य वाटलेला कोणीही. चौदाव्या कलमात त्याची कर्तव्ये आहेत. त्यात चौकशी आहे, देखरेख आहे, सल्ला व साहाय्य आहे. मैत्री नाही. शैक्षणिक पात्रताही नाही. ती राज्यांच्या नियमांवर सोपविली आहे. बॉस्टनच्या मोच्यासाठी कायद्याने एक दार उघडे ठेवले, हे त्या कलमाचे वैशिष्ट्य म्हणावे की दुबळेपण म्हणावे, याविषयी मतभेद संभवतो. मान्यताप्राप्त संस्थेचा मार्ग नसता तर अनेक जिल्ह्यांत हे काम सुरूच झाले नसते, एवढे मात्र निश्चित.

एकाच नाशिक शहरात या इतिहासाची दोन टोके पाहावयास सापडतात. उंटवाडीचे निरीक्षणगृह महिला व बालविकास विभागाच्या कक्षेत. आणि अठरा ते एकवीस वर्षे वयाच्या तरुण अपराध्यांसाठी असलेले किशोर सुधारालय कारागृह विभागाच्या कक्षेत. किशोर सुधारालयाचे मूळ १९२९ च्या मुंबई बोर्स्टल शाळा अधिनियमात आहे. बोर्स्टल हे इंग्लंडमधील केंट परगण्यातील एका खेड्याचे नाव. १९०२ मध्ये तेथे सुरू झालेल्या प्रयोगामुळे ते जगभर सामान्यनाम झाले. इंग्लंडमध्ये अलेक्झांडर पॅटरसन यांच्या प्रेरणेने १९२४ पासून बोर्स्टलच्या सेवकांनी गणवेश उतरविला आणि साध्या पोशाखात ते मुलांत वावरू लागले. पोशाखाची ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. अठरावे वर्ष संपण्याच्या आदल्या दिवशी ज्या तरुणाने अपराध केला त्याच्यासमोर साध्या कपड्यातील समाजसेवक येतो, आणि चार दिवसांनी केला असता तर खाकी गणवेशातील रक्षक. दोघांची भरती निराळ्या खात्यांची, शिक्षण निराळे, आणि बढतीच्या वाटाही निराळ्या.

पात्रता प्रत्यक्ष अधिनियमात लिहिली जाण्यास १९८६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांत असलेल्या मुलांच्या स्थितीविषयी महत्त्वाचे आदेश दिले, आणि त्याच वर्षी संसदेने सर्व देशासाठी बाल न्याय अधिनियम केला. त्यात बालन्यायालयाच्या मदतीला दोन मानद सामाजिक कार्यकर्त्यांची नामिका आली. त्यांतील निदान एक स्त्री असावी असे बंधन आले. १८९७ मध्ये दोन हिंदी, १९८६ मध्ये एक स्त्री: कायदा कोणाला वगळत आला आहे हे त्याने कोणासाठी जागा राखली यावरून कळते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८५ च्या बीजिंग नियमांनी बाल न्यायातील सेवकवर्गासाठी व्यावसायिक शिक्षण आवश्यक मानले होते, आणि तो वर्ग मुलांमधील विविधतेचे प्रतिबिंब दाखविणारा असावा, असेही सांगितले होते. २००० च्या अधिनियमाने सामाजिक सदस्य मंडळाच्या पीठावरच बसविले व त्यांच्यासाठी सात वर्षांच्या कार्याची अट घातली. २०१५ च्या अधिनियमाने ती अट अधिक स्पष्ट केली: आरोग्य, शिक्षण किंवा बालकल्याण या क्षेत्रांत किमान सात वर्षे प्रत्यक्ष कार्य, अथवा बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र किंवा विधी यांची पदवी घेऊन चालविलेला व्यवसाय. नेमणुकीनंतर साठ दिवसांत सर्व सदस्यांचे, प्रमुख दंडाधिकाऱ्यांसुद्धा, प्रशिक्षण व्हावे असेही त्यात आहे.

पात्रता हा केवळ नेमणुकीच्या जाहिरातीचा विषय नाही, हे २०१५ च्या अधिनियमातील पंधराव्या कलमाने सिद्ध केले. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर अतिगंभीर अपराधाचा आरोप असेल तर त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि अपराधाची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यमापन मंडळाने करावे, आणि त्यावरून त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालवावा की नाही हे ठरवावे, असे हे कलम सांगते. त्यासाठी मंडळ अनुभवी मानसशास्त्रज्ञांचे साहाय्य घेऊ शकेल, असे ऐच्छिक शब्द होते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये निर्णय दिला की ज्या मंडळात बालमानसशास्त्र किंवा बालमनोविकारशास्त्र यांची पदवी असलेला व्यावसायिक सदस्य नाही, त्याने असे साहाय्य घेतलेच पाहिजे. शकेल या क्रियापदाचे पाहिजेमध्ये रूपांतर झाले, आणि ते कोणाजवळ कोणती पदवी आहे यावर अवलंबून राहिले. मे २०२४ मध्ये पुण्यातील एका मोटार अपघातानंतर मंडळाच्या एका सदस्याने मुलास जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली, तेव्हा मंडळावर कोण बसतात आणि का, हा प्रश्न महाराष्ट्रातील घरोघरी विचारला गेला. त्या क्षोभात पुष्कळसा भाग संतापाचा होता. परंतु सत्तर वर्षे समाजकार्याच्या विद्यालयांत विचारला जाणारा प्रश्न प्रथमच चहाच्या दुकानात पोचला.

परिवीक्षा अधिकाऱ्याची व्याख्याही याच अधिनियमात विस्तारली. १९५८ च्या अधिनियमाखालील अधिकाऱ्याबरोबरच जिल्हा बाल संरक्षण कक्षातील विधी तथा परिविक्षा अधिकारी हा आता परिवीक्षा अधिकारी समजला जातो. ही नवी जागा विधी पदवीधराची, आणि साधारणतः करारावरची. मोची, मग समाजसेवक, मग वकील असा या पदाचा प्रवास झाला. त्यात मिळविलेले पुष्कळ आहे. कायद्याचे ज्ञान नसलेल्या अधिकाऱ्यामुळे मुलाचा हक्क बुडाल्याची उदाहरणे कमी नसावीत. परंतु घरी जाऊन, ओट्यावर बसून, शेजारणीशी बोलून माहिती काढण्याची विद्या विधी महाविद्यालयात शिकविली जात नाही.

राहिला गृहपिता. २००७ च्या आणि २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांत संस्थेच्या सेवकवर्गाची यादी आहे: प्रभारी अधिकारी, परिवीक्षा किंवा बालकल्याण अधिकारी, समुपदेशक, गृहपिता व गृहमाता, शिक्षक, वैद्यकीय अधिकारी, परिचारक, कलाशिक्षक, व्यायामशिक्षक, स्वयंपाकी, मदतनीस. महाराष्ट्राने २०१८ मध्ये स्वतःचे नियम केले. मूळ अधिनियमाच्या व्याख्यांत मात्र गृहपिता नाही. आदर्श नियमांत त्याची कर्तव्ये दिली आहेत: प्रत्येक मुलास प्रेमाने वागवावे, त्याला लागणारे साहित्य पुरवावे, स्वच्छता व शिस्त राखावी. प्रेम हे कर्तव्य म्हणून लिहिलेले पाहून १९०७ मधील मैत्रीची आठवण होते. दिवसाचा हिशेब मांडला तर समुपदेशकाशी मुलाची गाठ आठवड्यातून काही वेळ पडते, परिवीक्षा अधिकाऱ्याशी प्रकरणापुरती, मंडळाशी तारखेपुरती. रात्री दिवे मालवल्यावर जो जवळ असतो तो गृहपिता, जुन्या नावाने काळजीवाहक. मुले त्याला यांपैकी काहीच म्हणत नाहीत. ती काका म्हणतात, स्वयंपाक करणारीला मावशी म्हणतात. पदनामकोशात न बसणारी ही नावे मुलांनी स्वतः दिलेली आहेत, आणि देमेट्झने ज्या माणसांसाठी आधी शाळा उघडली ती माणसे तीच होत.

पात्रतेच्या या दीर्घ यादीत एक रकाना आढळत नाही, तो भाषेचा. नामपूर, सटाणा आणि मोसमखोऱ्यातील घरांत अहिराणी बोलली जाते. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणात खानदेशी ही मराठीच्या खंडात नसून १९०७ मध्ये निघालेल्या भिल्ल भाषांच्या भागात आहे; भारताच्या जनगणनेतही खानदेशी स्वतंत्र भाषा म्हणून मोजली जाते आणि २०११ मध्ये तिचे भाषक १८ लाखांहून अधिक नोंदले गेले. ती भाषा की बोली, या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. एवढे पुरे की मुलगा जेथे माले म्हणतो तेथे प्रमाण मराठीत मला असते, त्याच्या शे च्या जागी आहे असते, आणि त्याची आई त्याला आंडोर म्हणते हे नागपुरात किंवा रत्नागिरीत वाढलेल्या अधिकाऱ्यास कोणी सांगितल्याखेरीज कळणार नाही. शाळा शिकलेला मुलगा प्रमाण मराठीत उत्तर देऊ शकतो; पण भ्यालेला मुलगा परक्या बोलीत थोडक्यात उत्तरे देतो, आणि थोडक्यात दिलेले उत्तर अहवालात उद्धट किंवा मंद असे लिहिले जाण्याचा धोका असतो. अहवालाच्या नमुन्यात भावनिक घटक, शारीरिक स्थिती, बुद्धिमत्ता, सामाजिक व आर्थिक घटक असे रकाने आहेत आणि शेवटी शिफारशीचा रकाना आहे. यांपैकी पहिला आणि तिसरा रकाना भरण्यासाठी अधिकाऱ्यास मुलाच्या बोलण्याखेरीज फारसे साधन नसते.

भाषेची पात्रता कायद्याला ठाऊकच नाही असे मात्र नव्हे. लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाविषयीच्या २०२० च्या नियमांत दुभाष्याची पात्रता काळजीपूर्वक लिहिली आहे. त्याला बालकाची भाषा आणि राज्याची राजभाषा या दोहोंचा व्यवहारोपयोगी परिचय हवा. तो मातृभाषा म्हणून असेल, निदान प्राथमिक शाळेपर्यंतचे शिक्षणमाध्यम म्हणून असेल, अथवा व्यवसायाने किंवा त्या भाषेच्या प्रदेशात राहून मिळविलेला असेल. मातृभाषा, माध्यम, व्यवसाय, वास्तव्य: भाषाज्ञानाची याहून शहाणी कसोटी भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही क्वचित सापडेल. ती पीडित बालकासाठी आहे. स्वातंत्र्य हिरावलेल्या मुलांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या हवाना नियमांतही, सेवकांची भाषा ज्यास नीट येत नाही अशा मुलास विनामूल्य दुभाषी मिळण्याचा हक्क सांगितला आहे. विधिसंघर्षग्रस्त बालकाविषयी अहवाल लिहिणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्याच्या व्याख्येत, १९५८ च्या कलमात वा २०१५ च्या, भाषेचा उल्लेख नाही. आणि अहिराणी ही मराठीच समजली गेल्यास दुभाष्याचा प्रश्नही उद्भवत नाही.

मुलगा मंडळापुढे प्रथम हजर झाल्यापासून पंधरा दिवसांत अहवाल सादर करावयाचा असतो. तेवढ्या अवधीत अधिकाऱ्याने नाशिकहून सटाण्यास, सटाण्याहून नामपुरास जावे, घर शोधावे, आई शेतावर गेली असल्यास संध्याकाळपर्यंत थांबावे, शाळेत मास्तरांना भेटावे आणि शेवटची गाडी गाठावी. त्याच पंधरवड्यात निफाड, सुरगाणा, येवला आणि मालेगावची प्रकरणेही त्याच्या टेबलावर असतात. उंटवाडीच्या गृहात ज्या काकाशी मुलगा रात्री बोलतो, तो कळवण-बागलाणकडचा असेल तर त्याला ते बोलणे कळते. त्याने जे ऐकले ते लिहून घेण्यासाठी अहवालात जागा नाही.